टोप्या, खोबरेल आणि पहिला मानकुराद

मामाच्या परड्यातल्या मानकुरादाचा पहिला आंबा खुद्द मामाने गेली कित्येक वर्षं चाखलेला नव्हता. झाड त्याचं, शेणखत त्याचं, माकडांवर ओरडून घसा बसायचा तोही त्याचाच. आंबा मात्र पेडण्याच्या मास्तरांच्या पोटात.

दर एप्रिलात क्लबच्या मैदानावर या दोन म्हाताऱ्यांची बंदुकीची पैज लागते. यंत्रातून मातीच्या बश्या हवेत उडतात, त्या छर्ऱ्यांनी फोडायच्या. काडतुसं ज्याची त्याने घरी भरलेली हवीत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला घरी बोलावून मोसमातला पहिला मानकुराद स्वतःच्या हाताने कापून द्यायचा. ‘स्वतःच्या हाताने’ ही अट मामानेच घातलेली. तेव्हा तो जिंकत असे.

यंदा मामाने पणजीला जाऊन मोतीबिंदू काढून घेतला. बश्या आता थाळ्याएवढ्या दिसणार, असं तो डिचोलीच्या बाजारात मासळीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून आला होता. पण डॉक्टरांनी काही दिवस वाकायला आणि बारीक काम करायला बंदी केली. काडतुसं तर भरायची होती. मग मामाने मला बोलावलं. माझा धंदा ट्रकांचा, सुर्ल्याहून खनिज वाहायचा. ट्रक सांभाळणाऱ्याला यंत्रातलं कळतं असा मामाचा समज होता. माझाही होता.

काडतुसं भरायचं यंत्र मागच्या खोलीत टेबलाला बोल्टांनी आवळलेलं. परवाना मामाच्या नावाचा, म्हणून मामा काळा चष्मा लावून शेजारच्या खुर्चीत. “टोप्या तेवढ्या तू बसव,” तो म्हणाला. “दारू आणि छर्रे मागीर मी माझ्या डोळ्यांनी भरतलों. तुझ्यावर माझा तेवढा विश्वास नाय.”

टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी मसुराएवढी पितळी वाटी. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि बार उडतो. या टोप्या एका उभ्या नळीत एकावर एक रचायच्या. दांडा खाली ओढला की नळीतून एक टोपी खालच्या पट्टीवर उतरते, पट्टी तिला पुढे सरकवते आणि ती काडतुसाच्या बुडात बसते. दांडा ओढ, टोपी बसली. लहान मुलालाही जमेल.

“हात धुतलेस?” मामाने विचारलं.

“धुतले.”

“खंय धुतलेस? नळ वाजलेला आयकूंक येवंक नाय.”

मी हात पँटला पुसले. मी थेट ट्रकांवरून आलो होतो. हाताच्या रेघारेघांत सुर्ल्याची लाल माती बसलेली. पण ती आमच्या अंगाचाच भाग झालेली असते. तिला कोणी मळ म्हणत नाही.

पहिल्या काही टोप्या झकास बसल्या. मामा नुसत्या आवाजावरून मान डोलवत होता. मग दांडा आला, पण टोपी आली नाही. पुन्हा ओढला. एकदम दोन आल्या, त्यातली एक उलटी. पुढची पट्टीत आडवी होऊन बसली ती हलेचना.

आमच्या धंद्यात अडलेल्या वस्तूला उपाय दोनच. पावसात ओलं खनिज ट्रकच्या हौद्याला चिकटलं की बाहेरून हातोडा घालायचा. हातोड्याने भागलं नाही, तर तेल. मी टेबलावरचा छोटा हातोडा नुसता उचलला. लाकडी मूठ टेबलाला लागली तेवढ्या आवाजाने मामा खुर्चीतून उडाला.

“मेल्या, ठेव तो खाली! ठिणगी पडणारी वस्तू ती! तुका खनिज दिसता काय?”

मी ठेवला. मामाने घाम पुसला. “नळी काढ. टोप्या सगळ्या सुलट आहेत का बघ. नळी सरळ बसव. पट्टी सुक्या फडक्याने पूस. सुक्या.” आणि तो चहा सांगायला आत गेला.

मी नळी काढली. टोप्या सुलट होत्या. नळी सरळ बसवली. पट्टी फडक्याने पुसली; फडकं कुठलं, तर माझ्याच खिशातला रुमाल, ज्याने सकाळी ट्रकची काच पुसली होती. यंत्र जास्तच अडायला लागलं. पट्टी वाळूत ओढल्यासारखी करकरत सरकायची.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मामी दिसली. तिच्यासमोर फणस होता. सुरीला आणि हातांना खोबरेल चोळून ती गरे काढत होती आणि एवढा तो चीक, पण कशालाही म्हणून चिकटत नव्हता. माझ्या डोक्यात उजेड पडला. फणसाला जे चालतं ते पट्टीला का चालू नये?

मामीची पाठ वळताच मी बाटली आणली. पट्टीला बोटभर लावलं. नळीच्या तोंडाला लावलं. मग हात सैल सुटला आणि नळीच्या आतही दोन थेंब सोडले, टोप्यांसकट. आणि काय सांगू! दांडा लोण्यातून चालावा तसा चालायला लागला. टोपी कशी, तर नव्या नवरीसारखी पावलं मोजत यायची आणि बसायची. मामा चहा घेऊन परत येईपर्यंत माझा ढीग तयार होता.

“आता आवाज बरो येता,” मामा खूश. “गूण आसा रे तुझ्या हातांत!”

आतून मामीचा आवाज आला, “माझी खोबरेलाची बाटली कोणी नेली?”

मी चहात बिस्किट बुडवलं.

डोळा सुधारल्यावर मामाने दारू आणि छर्रे स्वतः तोलून भरले, आणि पैजेच्या सकाळी तो मैदानावर असा उतरला, जणू आंबा खिशातच आहे. मास्तरांनी आधी खेळून बश्या बऱ्यापैकी फोडल्या. मग मामा. त्याने बंदूक खांद्याला लावली, हाक दिली, बशी उडाली.

कट्.

बस्स, एवढंच. बशी आरामात उडत गेली आणि गवतात जाऊन पडली. बार उडाला नाही तर बंदूक समोर धरून न हलता थांबायचं, असा मैदानाचा नियम. मामा पुतळ्यासारखा उभा. दुसरी बशी, कट्, पुन्हा पुतळा. तिसरी, कट्.

“पात्रांव,” मामाला ‘मालक’ म्हणून चिडवत मास्तर मागून प्रेमाने म्हणाले, “बश्यांक नुसतो भंय दाखोवपाचो विचार आसा काय?”

मध्येच एक काडतूस उडालं. त्या आवाजाने मामाच इतका दचकला की तीही बशी वाचली.

घरी येऊन मामाने यंत्राच्या पट्टीवर बोट फिरवलं. बोटाला लालभडक, चकचकीत चटणी लागली. त्याने वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी नव्या, स्वच्छ डोळ्यांनी.

“सुर्ल्याची माती,” तो म्हणाला. “मातीमुळे अडलं. आणि वर हे खोबरेल. टोपीतली दारू तेलात भिजली की मेली.”

“म्हणजे माझीच बाटली ती!” मामी म्हणाली.

रविवारी मास्तर आले. बलकांवात, दारापुढच्या ओट्यावरच्या बाकावर बसले. मामाने झाडावरचा पहिला मानकुराद आणला, स्वतःच्या हाताने कापला, बशी मास्तरांपुढे ठेवली. मास्तरांनी खोबरेलाची कथा माझ्याच तोंडून ऐकली, पोट धरून हसले आणि बशी परत सरकवली.

“हो आंबो मी खावचो नाय. तू माका नाय हरलंस. खोबरेलाक हरलंस.”

“हरलो तो हरलो. खा!” मामाने बशी ढकलली.

“नाय खाणार. फिरून खेळू.”

“बंदूक माझी, काडतूस माझं, हार माझी. खा म्हणतो ना!”

बशी पुढे, बशी मागे. दोघांच्या तोंडाला पाणी सुटलेलं आणि दोघेही मानी. त्या भांडणात बशी कधीतरी माझ्यासमोर येऊन थांबली. वास असा दरवळत होता की विचारू नका. माश्याही घोंगावू लागल्या होत्या. मला वाटतं, मी माश्यांमुळेच सुरुवात केली.

दोघांचं लक्ष गेलं तेव्हा मी बाठा चोखत होतो.

मास्तरांनी रिकामी बशी उचलून उलटी करून पाहिली.

“पात्रांव, हो तुझोच भाचो?” मास्तरांनी विचारलं.

“बहिणीचो. माझो म्हणू नका.” मग मामाने हळूच विचारलं, “कसो आसा?”

मला त्या दोघांची कीव आली. काय गमावलं ते कळायला नको, म्हणून मी म्हटलं, “काही विशेष नाही. थोडा आंबट.”

मामा ताडकन उठला. “आंबट? माझ्या झाडाचो मानकुराद आंबट? चढ! आत्ताच्या आत्ता चढ आणि दुसरो काढ! मास्तर, अट पहिल्या आंब्याची. दुसऱ्याला अट नाय. तुम्हीच सांगा खाऊन!”

मी झाडावर चढलो. लाल हुमल्यांनी, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या मुंग्यांनी, माझं यथेच्छ स्वागत केलं. खाली टाकलेला आंबा मामाने कापला, अर्धा मास्तरांना, अर्धा स्वतः. फांदीवरून मला फक्त दोन पांढरी डोकी दिसत होती, बशीवर वाकलेली.

“भाच्या,” शेवटी खालून आवाज आला, भरल्या तोंडाचा, “आंबट म्हणालास ना? वर गेलाच आहेस, तर आणखी चार काढ. नीट तपासून बघू.”