दोन पांढरी बटणं

मी शिंपी, आणि बडबड्या. आमची ही संशोधन केंद्रात कामाला, आणि बोलायला कंजूष. या दोघांचं जमणार कसं, असं लग्नात लोक म्हणाले होते. जमलं ते माझ्या कापड कापायच्या टेबलामुळे.

रविवारी दुकान बंद असलं की ती त्या टेबलावर खडूने डीएनएचा तुकडा काढायची आणि माझ्या डब्यातली बटणं अणू म्हणून मांडायला लावायची. काळं बटण कार्बन, निळं नायट्रोजन, लाल ऑक्सिजन, शर्टाचं पांढरं म्हणजे हायड्रोजन. "मी याच्याकडे विजेची तार म्हणून बघते," ती सांगायची. "यातून वीज जाईल का, एवढंच." इलेक्ट्रॉनांचं गणित कॉम्प्युटर करायचा. एका तुकड्याला तीन-तीन आठवडे लागत. काय दिवस होते ते!

एकदा उत्तर आलं, वीज जाते आणि झकास जाते. साहेब खूश. बारा वर्षं हंगामी असलेली ही आता कायम होणार, असं त्यांनी सांगूनच टाकलं. मी तिच्यासाठी कोट बेतायला घेतला.

त्या रविवारी ती हौसेने फाइलमधला एकेक अणू वाचत गेली, मी बटणं ठेवत गेलो. यादी संपली तरी खडूचे दोन गोल रिकामेच.

"अगं, दोन पांढरी कमी पडली."

"तुम्हीच पाडली असतील."

आम्ही दोघं टेबलाखाली वाकून शोधत बसलो. मग तिने यादी पुन्हा वाचली. फाइल भरताना दोन हायड्रोजन तिच्याकडूनच राहिले होते. एक राहिला असता तर इलेक्ट्रॉनांची संख्या विषम झाली असती, जोड्या जुळल्या नसत्या आणि कॉम्प्युटरने कुरकुर केली असती. दोन राहिले, म्हणून तो मुकाट चालला आणि खोटं उत्तर देऊन मोकळा झाला.

"कोण मोजतंय दोन बटणं?" मी म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते.

"तुम्ही मोजलीत ना," ती म्हणाली.

सोमवारी तिने साहेबांना सांगितलं. खरं उत्तर आलं तेव्हा वीज जेमतेम जात होती. जागा दुसऱ्याला मिळाली. ही शेवटपर्यंत हंगामीच राहिली. कोट मात्र तिने बाह्या विरेपर्यंत वापरला.

म्हातारपणी एकदा मी विचारलं, "मी तेव्हा तोंड उघडलंच नसतं तर?"

"तर जन्मभर गप्प बसावं लागलं असतं," ती हसली. "झेपलं असतं तुम्हाला?"

तिला जाऊन चार वर्षं झाली. टेबल तिथेच आहे. ऐकायला ती नाही, आणि गप्प बसणं मला अजून झेपत नाही.