वाजायची राहिलेली चढण

दुसऱ्यांच्या आनंदाला आवाज पुरवणाऱ्या माणसाचा स्वतःचा आनंद कशात आहे, हे या शहरात कोणी विचारीत नाही. सिद्धनाथलाही कोणी विचारले नव्हते. करकंबची शेती थोरल्या भावाच्या हवाली करून तो सोलापुरात आला, पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत एक खोली घेतली आणि दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर व मोठ्या चकत्यांचा एक टेपरेकॉर्डर एवढ्या भांडवलावर लाउडस्पीकरचा धंदा मांडला. बारशाला पाळणा, लग्नाला सनई, पूजेला आरत्या, निवडणुकीला आश्वासने, असा सगळा माल त्याने सारख्याच निष्ठेने वाजवला. कर्ण्याने शिट्टी मारली तर दोष सिद्धनाथचा, आणि वक्ता तासभर ओरडला तर ते वक्तृत्व, हा न्याय त्याच्या अंगवळणी पडला होता.

एकोणीसशे सत्याहत्तरच्या हिवाळ्यात, दुरुस्तीला आलेला एक रेडिओ तपासताना शॉर्टवेव्हवर त्याला एक ठोका ऐकू आला. तो कातड्याचा नव्हता, लाकडाचा नव्हता, धातूचाही नव्हता. यंत्रमागाच्या फटक्यासारखा नेमका होता. मात्र मागाला जी धाप लागते ती त्याला लागत नव्हती. त्याच्यावर एक बारीक आवाज जरीच्या धाग्यासारखा लकाकत होता. सिद्धनाथने हातातले काम टाकले आणि रेडिओची तार टेपरेकॉर्डरला जोडली. तेवढ्यात तो बारीक आवाज चढू लागला. पायरीपायरीने चढला, आता तुटणार असे वाटले, आणि तेथेच ठोका गेला. क्षणभर नुसता आवाज अधांतरी राहिला. मग ठोका खालून परत आला, आणि सिद्धनाथच्या अंगावर शहारा आला.

शेवटी निवेदक इंग्रजीत बोलला. ‘इलेक्ट्रॉनिक’, ‘सिंथेसायझर’ आणि ‘डान्स’ हे तीन शब्द सिद्धनाथला कळले. ज्याने ते रचले त्याचे नाव मात्र खरखरीत बुडाले. त्यानंतर कित्येक संध्याकाळी त्याने रेडिओचा काटा त्या जागी आणून ठेवला. तेथे बातम्या लागल्या, प्रार्थना लागल्या, परक्या भाषांतली भांडणे लागली. तो आवाज लागला नाही.

शहरातल्या एका संगीत मंडळाच्या अध्यक्षांना त्याने ती फीत ऐकवली. अध्यक्षांनी डोळे मिटले, तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले आणि निदान केले, “तुमच्या यंत्रात बिघाड आहे.” मंडळाचा वार्षिकोत्सव जवळ आला होता आणि त्यांना कर्णे फुकट हवे होते, म्हणून ते एवढे तरी बोलले.

पण सिद्धनाथला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. ते बसून ऐकायचे संगीतच नव्हते. ते नाचायचे होते. कुठल्या तरी दूरच्या शहरात माणसे त्याच्यावर नाचत असणार. आणि ज्या शहरात मिसरूड फुटण्याआधी पोराच्या हातात लेझीम येते, तेथे ते एका अंधाऱ्या खोलीत एकट्याने ऐकावे लागावे, हे त्याला सोसेना. चढण संपते, ठोका परत येतो, त्या क्षणी शंभर पाय एकदम जमिनीवर पडलेले त्याला पाहायचे होते. एकदाच. दुसरे काही मागणे नव्हते.

अडचण लांबीची होती. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे, त्यात शॉर्टवेव्हच्या लाटांनी अर्धेअधिक खाल्लेले. लेझमीचा एक खेळ एवढ्यात सुरूही होत नाही. म्हणून त्याने अकलूजच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या मेव्हण्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि जेथे आवाज स्वच्छ होता ते तुकडे एका यंत्रावरून दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा उतरवले. मूळ फीतही त्यातच कापली. मग ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन तो जोडायला बसला. प्रत्येक सांध्यावर ठोका ठेचकाळत होता.

शेजारच्या खोलीत गंगम्मा राहत असे. मागावरचा उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याची टोके जोडायची, ही सांधणी तिची रोजची मजुरी. दारात उभी राहून तिने बराच वेळ त्याची खटपट पाहिली.

“अन्ना, मेल्या उंदराची आतडी काढल्यावाणी काय करायलास?”

“गाणं लांब करतोय, अक्का.”

“लांब करतोयस का लंगडं करतोयस? ऐकायला येतंय मला भिंतीतून. सारखं अडखळतंय की ते.”

ती आत येऊन बसली. तिने फीत बोटांवरून सरकवली, दोनदा वाजवून घेतली आणि मांडीवर हाताने ताल धरला. “ह्ये बघ, धोटा जाऊन परत येतोय, तितं काप. मधीच कापतोयस म्हणून लंगडतंय. आणि सरळ नको, तिरकं काप.” मग हसून म्हणाली, “मला एका मागाला हजारांनी टोकं जोडाया लागतात. तुझी दोनच. ह्येला काय मजुरी मागू?”

“नाच बघाया ये.”

“नाचणार कोण? तू?”

तीन दुपारी त्या दोघांनी मिळून फीत जोडली. गंगम्माच्या खोलीतल्या रिकाम्या कांड्या मांडून त्यांवर तुकडे गुंडाळून ठेवले होते. तीन मिनिटांचे गाणे वाढत वाढत पाऊण चकती झाले. सिद्धनाथने चढण सुरुवातीला कोठेच येऊ दिली नाही. ती त्याने दूर, खेळ रंगात येईल अशा जागी ठेवली.

नाचणारे मिळवणे अवघड होते. शेवटी तो ज्या तालमीत गेला तिचे नाव घेण्यात अर्थ नाही. सगळ्या तालमींच्या कमिट्या एकाच मापाच्या असतात. पण तिचे लेझीमचे वस्ताद कोंडीबा हे माप नसलेले गृहस्थ होते. साठी उलटलेली, पाय अजून पोरांना लाजवणारे. कोणताही ताल ते आधी तोंडाने म्हणत आणि मग पायात घेत. तोंडात बसत नाही ते पायात बसत नाही, असे त्यांचे शास्त्र होते.

पहिला भाग ऐकून त्यांनी टेपरेकॉर्डरला प्रदक्षिणा घातली.

“ह्येला कातडं न्हाय, दोरी न्हाय. मग वाजतंय काय, सिद्धा?”

“वीज वाजतीय, वस्ताद.”

“आन ती गेली म्हंजे?”

“बॅटरी लावतो की.”

कोंडीबांनी ताल तोंडाने म्हणून पाहिला. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. “ठोका येतोय. पर त्यो वरचा आवाज तोंडात मावंना.” मग आपल्या पायांकडे बघून म्हणाले, “लई वंगाळ हाय. पाय हलाया लागलं माझं.”

हलगीवाला ज्ञानबा तेथेच कागदाच्या जाळावर हलगी शेकत बसला होता. तो म्हणाला, “वस्ताद, ह्येला शेकायचं न्हाय, प्याला पाजायचा न्हाय, जेवाया घालायचं न्हाय. मग मला कशाला ठेवताय?”

“तू जेवाया असतोस म्हणून तर ह्ये आणलं,” कोंडीबा म्हणाले, आणि पोरे हसली.

एक अट मात्र त्यांनी घातली. वस्तादाने उजवा हात वर केला की वाद्य थांबले पाहिजे. त्या तालमीची रीतच तशी होती. हात वर झाला की हलगीवाला शेवटचे ठोके देई, मग पाय थांबत. वाद्य चालू असताना हात खाली घ्यायचा नाही आणि पायही थांबवायचा नाही. वाद्याआधी थांबला त्याने वाद्याचा अपमान केला. कोंडीबांनी हा नियम आयुष्यात एकदाही मोडला नव्हता.

“यंत्र माझा हात बघंल?” त्यांनी विचारले.

“मी बघंन की, वस्ताद.”

सरावाला सिद्धनाथने मुद्दाम पहिला भागच वाजवला. चढण त्याने कोणाला ऐकवली नाही, गोडाचे पान शेवटी वाढतात तशी राखून ठेवली. पुढे काही आहे, एवढेच तो वस्तादांना म्हणाला होता.

अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत, विसर्जनाच्या दिवशी दुपारी, हातगाडीवर बॅटरी, टेपरेकॉर्डर, अॅम्प्लिफायर आणि कर्णे चढवून तो निघाला. रस्ता नेहमीप्रमाणे खणून ठेवलेला होता. मिरवणुकीच्या आठवड्यातच रस्ता खणण्याची नगराची परंपरा लेझमीपेक्षा जुनी आहे. चौकात फीत सुरू झाली तेव्हा लोक प्रथम हसले. मग पोरांच्या लेझमी त्या न दमणाऱ्या ठोक्यात बसल्या आणि हसणे थांबले. पन्नास लेझमींची एकच साखळी झणकत होती. ज्ञानबासुद्धा हलगी पाठीवर टाकून रांगेत शिरला. कट्ट्यावर उभी राहिलेली गंगम्मा सांधे मोजत असावी. एकही जाणवला नाही. सिद्धनाथ गाडीला टेकून उभा होता आणि जन्मात पहिल्यांदा आपण वाजवलेल्या गोष्टीकडे पाहत होता.

मग कोंडीबांचा हात वर गेला.

सिद्धनाथने तो पाहिला. पाहिला नाही असे तो पुढे कधी म्हणाला नाही. त्याचा हात बटणापर्यंत गेलाही. पण फितीवर चढण अगदी जवळ आली होती, वर्षभर जिची वाट पाहिली ती, आणि तिच्या शेवटी पडायचे शंभर पाय समोर तयार होते. आणखी थोडे, त्याने मनाशी म्हटले. कोंडीबा हात वर ठेवून नाचत राहिले. चेहरा लाल झाला, मान मागे गेली, तरी हात खाली आला नाही, कारण वाद्य थांबले नव्हते. बारीक आवाज पहिली पायरी चढला मात्र, आणि वस्तादांचा पाय उकरलेल्या रस्त्याच्या कडेला पडला. ते कुशीवर कोसळले. सिद्धनाथने तार उपटली.

खुब्याचे हाड मोडले होते. कमिटीने दुसऱ्याच दिवशी बैठक घेऊन ‘असल्या परकीय यंत्रनादावर’ कायमची बंदी घातली. रस्ता कोणी खणला आणि का बुजवला नाही, हा विषय बैठकीपुढे आला नाही. ठेकेदार कमिटीवर होता. पण सिद्धनाथला ठेकेदाराच्या आड लपायचे नव्हते. आपला हात बटणावर होता, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. त्याने त्या आठवड्यातच शेजारच्या भजनी मंडळाला बोलावले आणि त्याच फितीवर, पहिल्या सांध्यापासून शेवटच्या सांध्यापर्यंत, त्यांची भजने भरून घेतली. पूर्वीचा आवाज पुसला गेला. गंगम्मा दारातून म्हणाली, “अन्ना, ताणा जाळून पाप जातंय व्हय?” पुढच्या महिन्यात भिवंडीला काम मिळाले म्हणून तिचे बिऱ्हाड हलले.

वस्तादांसमोर जायला त्याला दिवाळी उलटावी लागली. तो नारळ घेऊन गेला तेव्हा कोंडीबा ओसरीवर बाजेवर बसले होते, काठी शेजारी. त्यांच्या पत्नी दगडाबाई शेंगा फोडीत होत्या.

“आलं बघा वाजंत्री,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्याचं हाड मोडाया यांना अख्खी वीज लागली.”

सिद्धनाथने वाकून पायांना हात लावला. “वस्ताद, माझी चूक झाली. तुमचा हात दिसला हुता मला.”

“म्हाईत हाय,” कोंडीबा म्हणाले. “तू बघितलास त्ये मी बी बघितलं.”

“माफी करा.”

“माफीचं ऱ्हाऊ दे. येक आधी सांग.” ते पुढे झुकले. “मी पडलो तवा वरचा आवाज चढाया लागला हुता. जिना चढल्यावाणी. पुढं काय झालं?”

“पुढं काय न्हाय. मी तार उपटली.”

“उपटली?”

“तुमी पडला हुता की, वस्ताद.”

“मी पडलो हुतो, पोरं उभी हुती की लेका!” त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “दोन महिनं छताकडं बघत पडलोय. डोक्यात त्यो आवाज चढतोय आन तितंच तुटतोय. रोज. वर काय हाय तेवढं कळंना. जा, घिऊन ये ती चकती. कमिटी गेली खड्ड्यात, हितं ओसरीवर लाव.”

सिद्धनाथला तेथून उठून जावेसे वाटले. ज्या वाक्यासाठी तो इतके दिवस धीर गोळा करत होता, जे तो वस्तादांच्या पायाशी ठेवायला आला होता, ते त्याने सांगितले.

“पुसून टाकलं, वस्ताद. भजनं भरली त्यावर. तुमच्यासाठी.”

दगडाबाईंचे हात शेंगांवर थांबले. कोंडीबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर सिद्धनाथला बरे वाटले असते.

“माझ्यासाठी,” ते म्हणाले. “अरं, माझ्यासाठी ठिवायचं हुतं की.” आणि मग, “रेडुवर परत लागंल का?”

“वर्ष झालं बघतोय. न्हाय लागलं.”

“मग तोंडानं म्हण.”

“मला न्हाय येत.”

“तू ऐकलंयस का न्हाय पुढचं? मग म्हण. ठोका मी धरतो.”

कोंडीबांनी बाजेच्या लाकडावर बोटांनी ठोका धरला. तो अचूक होता. मिरवणुकीतल्याहून तसूभरही हलका वा जलद नव्हता. सिद्धनाथने इकडेतिकडे पाहिले, घसा साफ केला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचा तो बाप्या दात मिटून, जीभ टाळूला लावून एक चिरका, लाजरा आवाज काढू लागला. पहिली पायरी जमली. दुसरीवर आवाज फाटला. रस्त्याने जाणारी दोन माणसे थबकली. दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“न्हाय,” कोंडीबा डोळे मिटून म्हणाले. “त्ये ह्यापरीस गार हुतं.”

सिद्धनाथने पुन्हा सुरुवात केली. या खेपेस तिसऱ्या पायरीपर्यंत गेला. पुढची कशी होती, हे त्याला नक्की आठवेना. वर्षभर उराशी बाळगलेल्या आवाजाची कड झिजत चालली आहे हे त्याला त्या क्षणी कळले, आणि तो थांबला.

कोंडीबांची बोटे थांबली नाहीत.

“थांबू नगंस,” ते म्हणाले. “वाद्य चालू हाय.”