सहीसाठी सोडलेली जागा

आमच्या गल्लीतल्या ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत रफूवाली बसते. कोटाला सिगारेटने भोक पडलं तर ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे काढते आणि एकेक करून विणते. दुकानदार म्हणतो, "हिचं काम दिसतच नाही. गिऱ्हाईक पैसे देताना विचारतं, भोक होतं तरी कुठे?" ती लगेच हसत नाही. आधी त्याच्याकडे बघते, हसलं तर चालेल ना म्हणून.

एकोणीस वर्षं ती एका ख्रिस्ती पंथात होती. तिथल्या प्रमुखाला सगळे 'थोरले' म्हणत. दर शनिवारी प्रत्येकाने आठवड्याची पापं वहीत लिहून थोरल्यांच्या हातात द्यायची. ते खाली सही करत, आणि त्यातली निवडक पापं रविवारी सगळ्यांसमोर वाचली जात. नवी चप्पल घ्यायलासुद्धा परवानगी लागे. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा हिने रीतसर अर्ज दिला. परवानगी मिळाली तोवर आईला पुरून चार दिवस झाले होते. मग एक पिशवी घेऊन ती बाहेर पडली. नवरा तिथेच राहिला.

हे तिने मला सांगितलं ते माझ्या राखाडी स्वेटरचं कोपर रफू करताना, मान वर न करता. शेवटी म्हणाली, "देवाला मी सोडलं नाही, मावशी. पण प्रार्थनेला बसले की थोरल्यांचाच आवाज ऐकू येतो. एकदा प्रभुभोजन घ्यायचंय. नऊ वर्षं दिलं नाही मला. पात्र नाहीस म्हणायचे."

मी तिला आमच्या चर्चमध्ये नेऊ लागले. पाळक भला माणूस. म्हणाला, "बाई, इथे कुणाला विचारायचं नसतं. ताट आलं की घ्यायचं." महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या पावाच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरतं. ते आलं तेव्हा तिने माझ्या कानाशी विचारलं, "घेऊ?" मी म्हटलं, "तुझं तू ठरव." तिचा हात मांडीवरून उठला नाही. पुढच्या दोन्ही महिन्यांत तेच.

मग मी एक चूक केली. शाळेत सिस्टरांनी सवय लावली तेव्हापासून मी रोज डायरी लिहिते. हे गेले तेव्हा मी त्या वहीच्या आधाराने उभी राहिले. तिलाही जमेल असं वाटून मी निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. "मनात येईल ते लिही. कुणी वाचणार नाही."

पुढच्या शनिवारी बरोबर पाचला ती माझ्या दारात. वहीत समास आखलेला, नोंदी तारीखवार. मंगळवारी गिऱ्हाइकाचा राग आला. गुरुवारी आळस केला. शुक्रवारी नवऱ्याची आठवण काढली. खाली सहीसाठी जागा सोडलेली.

"हे मला कशाला?"

"तपासायला."

"मी काय तुझी मास्तरीण आहे?"

"वही तुम्हीच दिलीत ना, मावशी."

मी वही परत केली. ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्या शनिवारीही आली. मी म्हटलं, "अगं, जे सांगायचं ते देवाला सांग."

"तो सही कुठे करतो?" ती म्हणाली. चेष्टा नव्हती. डोळे भरले होते, वही माझ्यापुढे धरलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. एकदा तरी घेऊ दे, पुढचं पुढे बघू, असं म्हणून मी पेन उचललं. सिस्टरांनी घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात सही केली.

रविवारी ताट माझ्या हातातून तिच्याकडे गेलं. तिने काही विचारलं नाही. पावाचा तुकडा उचलला, तोंडात ठेवला, डोळे मिटले. इतका शांत चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. माझा तुकडा मला गिळवेना.

बाहेर पायरीवर तिने माझा हात धरला. "पुढच्या शनिवारीही पाचलाच येऊ ना?"

माझ्या डायरीत त्या रात्रीच्या पानावर मी फक्त तारीख घातली आहे. आज शनिवार. पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. पेन खणात ठेवून मी खणाला कुलूप लावलं आहे. जिन्यावर तिची चप्पल वाजते आहे.