आवाज चांगुणाबाईंचा, सही माझी

फॉर्म माझ्यापुढे सरकवून निर्माते पेन उघडून उभे राहिले. "सही करा. आज शेवटची तारीख आहे."

मी साउंड रेकॉर्डिस्ट. आता निवृत्त होऊन रोह्याजवळ वरसेला राहतो, पण ही गोष्ट आठवली की अजून डोकं फिरतं.

पिक्चर पेणच्या खाडीकडच्या मिठागरांत काढलेला. मुंबईची नावाजलेली नटी मीठ ओढणाऱ्या बाईचं काम करत होती. दिसायची छान. तोंड उघडलं की सत्यानाश! आगरी बोली अशी बोलायची, जणू वर्गात धडा वाचतेय. म्हणून डबिंगला, म्हणजे पडद्यावरच्या ओठांबरोबर संवाद स्टुडिओत पुन्हा बोलायला, मी मिठागरातल्याच चांगुणाबाईंना नेलं. त्यांनी जन्मात माइक पाहिला नव्हता. मी संवाद वाचून दाखवायचो, त्या पाठ करून बोलायच्या. चार दिवसांत अख्खा रोल संपवला. काय आवाज होता!

त्यांनी एकच मागितलं. "दादा, पडद्यावर माजा नाव येल ना? मना वाचता येत नाय, पन पोरगी वाचंल."

"येणार म्हणजे येणार," मी म्हणालो.

आता त्या फॉर्मचं सांगतो. अ‍ॅवॉर्ड मिळालं की थिएटरवाले आपणहून फोन करत, पोस्टरवर अ‍ॅवॉर्डची पट्टी चढे, नटीचा भाव वधारे. आधी उसन्या आवाजावरही बक्षिसं मिळायची. त्यावरून बोंबाबोंब झाली, मग नियम आला. अभिनयाच्या अ‍ॅवॉर्डसाठी आवाज स्वतःचाच हवा, आणि तसं साउंड रेकॉर्डिस्टने लिहून द्यायचं.

"आवाज तिचा नाहीये," मी म्हणालो.

"चेहरा तिचाच आहे ना? मग झालं तर!"

"आणि चांगुणाबाईंचं नाव?"

"अ‍ॅवॉर्ड कमिटीला जाणाऱ्या कॉपीत नसेल. थिएटरच्या कॉपीत टाकतो. पुढचे दोन पिक्चर तुम्हालाच देतोय, उगाच अडून बसू नका."

मी सही केली. काम जाईल म्हणून टरकलो, दुसरं काही कारण नाही.

नटीला अ‍ॅवॉर्ड मिळालं. पेपरात मुलाखत आली, दोन महिने मिठागरात राहून बोली शिकले म्हणे! अहो, चपलेला चिखल लागला तर गाडीत जाऊन बसणारी बाई ती!

पिक्चर पेणच्या टॉकीजला लागला. चांगुणाबाई अख्खी आळी घेऊन आल्या, मलाही बोलावलं. शेजारी बसून पोरगी एकेक नाव मोठ्याने वाचत होती. चहावाल्याचं आलं. गाडीवाल्याचं आलं. टायटल संपली.

"आये, तुजा नाव नाय गो."

पहिला संवाद सुरू झाला आणि आळीतल्या बायका ओरडल्या, "अगो, ही त चांगुणा!" चांगुणाबाई पडदा सोडून माझ्याकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी निर्मात्यांना गाठलं. ते म्हणाले, "एकच कॉपी काढली सगळीकडे. टायटल वाचतं कोण?" टेबल उलटून टाकावं असं वाटलं! तिथून उठलो आणि कमिटीला पत्र लिहिलं. माझी सही खोटी आहे, आवाज चांगुणाबाईंचा आहे.

बऱ्याच दिवसांनी टाइप केलेलं उत्तर आलं. चांगुणाबाईंच्या आवाजाविषयीचं आपलं पत्र मिळालं. निकाल अंतिम आहे. खोटं लिहून दिल्याबद्दल यापुढे आपलं काम स्पर्धेत घेतलं जाणार नाही. मला शिक्षा झाली ती बरोबरच. पण नटीला काही नाही, निर्मात्याला काही नाही!

पत्र घेऊन मी चांगुणाबाईंच्या घरी गेलो. पोरीने वाचलं. आईचं नाव आलं तिथे बोट ठेवून तिने दाखवलं.

चांगुणाबाईंनी कागद हातात घेतला. बराच वेळ त्या तेवढीच जागा बघत राहिल्या.

"म्हंजे त्याना माजा नाव म्हायती हाय," त्या म्हणाल्या. "मंग लिवला का नाय?"

त्यानंतर टायटलची छापील यादी बघितल्याशिवाय मी एकाही पिक्चरच्या कागदावर सही केली नाही. निर्माते चिडायचे. चिडू देत.