सुई देणारा डॉक्टर

इथे परदेशात, आमच्या टार्निट उपनगराच्या लायब्ररीत मंगळवारी दुपारी जुने मूकपट दाखवतात. बाबा तेव्हा व्हिजिटर व्हिसावर माझ्याकडे आले होते. टीव्हीवर काहीही लावलं तरी शेजारी बसून मराठीत सांगावं लागायचं. बिनबोलाचा सिनेमा त्यांचा त्यांना कळेल, म्हणून शिफ्ट बदलून मी त्यांना नेलं.

सिनेमा हॉलिवूडच्या अगदी सुरुवातीचा. दवाखान्यात फरशी पुसणारा एक माणूस डॉक्टरचा कोट चढवतो आणि लांबच्या खाणीच्या गावात डॉक्टर म्हणून राहतो. गाव त्याला डोक्यावर घेतं. बाबा खुदुखुदु हसत होते. मधल्या इंग्रजी पाट्याही मला वाचू देईनात, कळतंय म्हणाले. मग त्याच्या हातून एक बाई दगावते. बाबांचं हसू थांबलं.

आमच्या गावातही एक डॉक्टर होता. कुठल्याही दुखण्याला सुई. आईला ताप आला तेव्हा तालुक्याच्या सरकारी डॉक्टरने रक्त तपासून डेंग्यू सांगितला, गोळ्या दिल्या, पाणी पाजत राहा म्हणाला. बाबा चिडले. साधी सुई टोचली नाही, हा कसला डॉक्टर? आमच्याकडे सुई न देणाऱ्याला कुणी डॉक्टर मानतच नाही. ते आईला गावच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. अंगदुखीच्या सुया झाल्या आणि तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ती वाचली नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. इकडे आल्यावर मॉसन लेक्स नावाच्या उपनगरात भाड्याच्या खोलीत राहून नर्सिंग केलं, आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. डेंग्यूत तसली सुई घातक ठरू शकते, हे तिथे शिकले. पुढे गावी गेले तेव्हा चौकशी केली. गावचा तो डॉक्टर आधी शहरातल्या एका दवाखान्यात नुसता कंपाउंडर होता. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

सिनेमा संपल्यावर गाडीत बसलो. बाबा म्हणाले, "आपला डॉक्टर पण असलाच होता का गं?"

मी म्हटलं, सिनेमा आहे बाबा, सोडा.

"मी अडाणी. तू शिकलीस. तुला ठाऊक असणार."

वॉर्डात मी परक्या माणसांना वाईट बातमी सांगते, आवाज हलू देत नाही. इथे नुसतं "हो" म्हणताना आवाज कापला.

बाबा म्हणाले, "गोळ्यांनी बरं वाटतंय, म्हणत होती. मीच उचलून नेलं तिला."

तुमची चूक नव्हती, असं मी घरी पोचेपर्यंत सांगत राहिले.

थोड्याच दिवसांत ते परत गेले. पूर्वी प्रत्येक फोनमध्ये आईचा विषय निघायचा, तिच्या हातच्या भाकरीचा, तिच्या रागाचा. आता ते इथल्या थंडीचं विचारतात आणि फोन ठेवतात.