शेवटच्या कडव्यातलं नाव

शिरपूरच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली होती आणि आप्पा माझ्या बॅगेची चेन शिवत बसले होते. ती ऐनवेळी उसवली होती, पण वडील शिंपी असले की खिशात सुई-दोरा असतोच. आई डोळ्यांना पदर लावून उभी आणि हा माणूस मांडीवर बॅग घेऊन शांतपणे टाके घालतोय. कंडक्टरने बेल मारली तेव्हा त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "तठे गानं म्हनशी ते आखं म्हनजो." तिथे गाणं म्हटलंस तर पूर्ण म्हण. २०१२ साल होतं. मी न्यूझीलंडला कॉम्प्युटर शिकायला निघालो होतो. त्यात गाणं कुठून आलं, म्हणून मला हसूच आलं.

आप्पा एरवी कपडे शिवायचे आणि लग्नसराईत त्यांचं कलापथक गावोगाव जायचं. गाणी ते स्वतः रचायचे, आमच्या अहिराणीत. मी लहानपणापासून त्यांच्यामागे झील धरायला उभा. त्यांची ओळ संपली की आम्ही मागच्यांनी ती उचलायची. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याने आपलं नाव घ्यायचं, ही रीत. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा शेवट होता, "धुडकू म्हने, तापी माय, तुले कशी इसरू." धुडकू म्हणजे आप्पाच. गाण्यात ते नाव आलं की लोक टोप्या उडवायचे. शाळेच्या हजेरीत तेच नाव माझ्या नावामागे आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

न्यूझीलंडला हिल्सबरो भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहायचो. बाकीचे तिघं पुण्या-मुंबईचे. मी त्यांना नाशिकचा आहे म्हणून सांगितलं होतं. घरी फोन करायचा तर मी मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दांडीपाशी जायचो, म्हणजे माझी अहिराणी कुणाला ऐकू जाणार नाही. हिवाळ्यात जँडल्समधले, म्हणजे इकडच्या रबरी चपलांमधले, पाय गारठायचे, तरी आत येऊन बोलायचो नाही. तुम्ही जे माझ्यासारखेच इकडे आलात, त्यांच्यापैकी किती जण असे बाहेर जाऊन बोलत होता कोण जाणे. मला तेव्हा वाटायचं, मी एकटाच.

मग २०१६ च्या उन्हाळ्यात डेकवर बार्बेक्यू चालू असताना मी नकळत आप्पांचं गाणं गुणगुणायला लागलो. सलील, आमच्यातला पुणेकर, चिमटा हातात धरून थांबला. "अरे, हे काय आहे? हेवी आहे! परत म्हण, शूट करतो."

मी म्हणायला लागलो. आवाज चांगला लागला होता, तिघंही मान डोलवत होते. शेवटचं कडवं आलं आणि समोर ती तीन शहरी तोंडं दिसली. धुडकू म्हटलं की हे फिस्सकन हसणार. मी माझंच नाव घालून म्हणालो, "विक्की म्हने, तापी माय." मात्रा अगदी बरोबर बसल्या, आणि मी मनातल्या मनात खूश झालो, हे आज लिहिताना लाज वाटते.

"स्वीट ॲज!" एकदम झकास, असं सलील इकडच्या बोलीत ओरडला आणि त्याने व्हिडिओ ऑनलाइन टाकला. गीतकार कोण असं त्याने विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं. ते मात्र घाईत नव्हे, नीट विचार करून.

गाणं पसरलं. धुळे-जळगावकडच्या वरातींत डीजे ते वाजवायला लागले. इकडे बॉटनीच्या मॉलमध्ये एका जोडप्याने ट्रॉली सोडून माझ्यासोबत सेल्फी काढला. जो मी नाशिकचा होतो तो रातोरात खान्देशचा लाडका झालो. आप्पांनी फोनवर इतकंच म्हटलं, "आवाज खुलना तुना." तुझा आवाज खुलला. नावाबद्दल चकार शब्द नाही. त्यांच्या लक्षात आलं नसेल, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

२०१८ च्या डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला गेलो. पंगती उठल्यावर आप्पा गायला उभे राहिले, तर मांडवातली पोरं ओरडली, "काका, विक्कीभाऊनं गानं म्हना!" विक्कीभाऊचं, म्हणजे माझं. आप्पांनी खाकरून सुरुवात केली. शेवटचं कडवं आलं. ते जराही न अडखळता म्हणाले, "विक्की म्हने, तापी माय."

मागे झील धरायला दोघे जुने म्हातारे होते. ती ओळ कुणी उचललीच नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा मशीनवर बसलेले असताना मी विचारलं, तुमचं नाव का नाही घेतलंत? ते सुईत दोरा ओवत होते. "मागला साल मनं नाव टाकं. पोरे हासनात. म्हने, काका, लोकेस्ना गानामा सोतानं नाव टाकस का?" मागच्या वर्षी त्यांनी आपलं नाव घेतलं तर पोरं हसली होती; दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःचं नाव घुसवता का, असं त्यांनी भर मांडवात विचारलं होतं. तक्रारीचा सूर नव्हता. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि ते म्हणाले, जरा कात्री दे.

न्यूझीलंडला, फ्लॅट बुश नावाच्या भागातल्या माझ्या घरी परतल्यावर मी गॅरेजमध्ये गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, त्यांच्या नावासकट. जुना व्हिडिओ काढून टाकला, पण त्याच्या नकला इतक्या झाल्यात की त्या काढणं माझ्या हातात नाही. नव्याखाली लोक लिहितात, ओरिजिनल यापेक्षा भारी होतं, नाव का बदललं, हा धुडकू कोण?

मी इथे घर घेतलंय, मोटरवेने कामावर जातो, शेजाऱ्याला इथल्या रीतीने किया ओरा म्हणून नमस्कार करतो. तरी घर म्हटलं की मला ती चार-पाच माणसं आठवतात, ज्यांना हे गाणं कुणाचं ते ठाऊक आहे. त्यांच्यासमोर मी अजून मान वर करू शकत नाही.

परवा फोनवर आप्पांनी विचारलं, नव्या गाण्याला लोक काय म्हणतात? यावेळी मी स्वयंपाकघरातच बसून अहिराणीत बोलत होतो. खरं ते सांगितलं. "इचारतस, हाऊ धुडकू कोन?"

आप्पा खो-खो हसले. मग म्हणाले, "मंग सांग ना."

धुडकू माझे वडील. शिरपूरला कपडे शिवतात. ते गाणं त्यांचं आहे.