नेचा आणि सासूबाईंची शेळी

दहिवडीसारख्या दुष्काळी गावात नेचा लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं सगळी आळी म्हणाली. मग तर मी हट्टालाच पेटले. माहेरी मेढ्याला पाऊस दांडगा, तिथं तो बांधाबांधावर माजतो. तिथून त्याचा गड्डा ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीनं आणला आणि न्हाणीमागं भिंतीच्या गारव्याला पुरला. वर लिंबाची सावली, खाली आंघोळीचं पाणी. कुजका पाला घालत राहिले. तीन वर्षांत पानं माझ्या कमरेला लागली. सासूबाईंचा रोजचा टोमणा ठरलेला, "ना फूल, ना फळ. नुसतं पानी पितंय!"

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात त्यांची शेळी दावं तोडून सुटली आणि निम्मा नेचा फस्त करून बसली. गावात दुसरं हिरवं होतंच कुठं? दुपारपर्यंत तिचं पोट टम्म फुगलं. मेढ्याला गुरं नेच्याला तोंड लावत नाहीत, बाधतो म्हणतात. हे मला ठाऊक होतं, पण नेचा उपटायला लावतील म्हणून मी इथं कुणाला बोलले नव्हते. आमचे हे मुंबईला गिरणीत. पोर वर्षाचं, माझं दूध आटलेलं. ते जगत होतं त्या शेळीच्या दुधावर.

शेवटी राहवेना. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्यो पाला बाधतो. मला म्हाईत हुतं."

त्या शेळीचं पोट चाचपतच म्हणाल्या, "मग हुबी काय ऱ्हायलीस? त्याल आन!"

वेळूच्या नळकांड्यानं गोडं तेल पाजलं. त्यांनी जबडा धरला, मी पोट चोळत बसले. त्या मला शिव्या घालत होत्या, मी शेळीला. ऊन कलता कलता शेळीनं शेपूट उचललं आणि भदाभदा लेंड्या टाकल्या. अगं बाई! लेंड्या बघून मला हुंदका फुटला. थोड्या वेळानं ती रवंथ करायला लागली, तेव्हा कुठं मी तिच्या पोटावरचा हात काढला.

सकाळी सासूबाई कोयता घेऊन बाहेर पडल्या. म्हटलं, संपला नेचा. मी आडवी जाणार नव्हते, तोंडच नव्हतं मला. परत आल्या त्या बाभळीच्या फांद्या ओढत. उरलेल्या नेच्याभोवती त्यांनी गच्च कुंपण घातलं.

"माज्या शेळीसाठनं घातलंय, तुज्या झाडासाठनं न्हाई," म्हणाल्या. मग न्हाणीतल्या बादलीत राहिलेलं पाणी त्यांनी नेच्याच्या मुळाशी ओतलं.